वीस तोंडं आणि एक साहेब

मी एक फासा बोलतोय. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर सारीपाट, हस्तिदंत, भरलेली राजसभा असं काही उभं राहिलं असेल, तर ते आधी पुसून टाका. ज्या फाशांपायी राज्यं गेली ते माझे कोणी लागत नाहीत. मी रेझिनचा आहे. ज्या चिकट रसायनाची कोटाची बटणं करतात, त्याच रसायनाचा. रंग खजुराच्या गुळासारखा, आकार सुपारीपेक्षा थोडा मोठा. आणि मला सहा नव्हे, वीस बाजू आहेत. प्रत्येक बाजू त्रिकोणी, प्रत्येकीवर एक आकडा. वीस तोंडं असूनही मी आजवर खोटं बोललेलो नाही. एकाच तोंडावर भागवणाऱ्या माणसांना हे का जमत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या जन्माला एक अमेरिकन जहाज कारणीभूत झालं. साल अठ्ठ्याहत्तर. खिदिरपूरच्या गोदीत धक्का रिकामा होईना म्हणून ते जहाज बरेच दिवस नदीत ताटकळत उभं होतं. त्याचे कागद एका जहाज कंपनीच्या कचेरीतून हलत, आणि त्या कचेरीत दिगंबर सबनीस हे उपव्यवस्थापक होते. मूळचे ठाण्याचे, बदलीवर कलकत्त्याला आलेले. ते जहाजावर गेले की तिथला वायरलेस ऑपरेटर त्यांना कॉफी पाजायचा आणि वेळ जात नाही म्हणून एक नवाच खेळ शिकवायचा.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार माणसांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं आणि सांगायचं, तुम्ही एका अंधाऱ्या भुयारात उभे आहात, समोर दार आहे, दारामागे काहीतरी गुरगुरतंय. बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. तलवार चालवतो म्हटलं की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर राक्षस मेला, लहान पडला तर तुम्ही.

एक माणूस बोलतो आणि बाकीचे त्याची परवानगी मागतात, हे समजल्याबरोबर दिगंबरराव या खेळाच्या प्रेमात पडले. हाच खेळ ते कचेरीत रोज खेळत होते. फक्त तिथे राक्षसाचं काम करायला वेगळा माणूस लागत नव्हता.

जहाज निघताना ऑपरेटरने आपल्याजवळची नियमांची जादा पुस्तिका दिगंबररावांना भेट दिली. फासे मात्र दिले नाहीत. शहाणा माणूस.

आता सबनीसांचं घर. भवानीपुरात, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. खाली भुयारी रेल्वेसाठी रस्ता उभा-आडवा खणून ठेवलेला. बाहेर एवढी खरी भुयारं असताना ही मंडळी घरात बसून आणखी भुयारं का खणतात, असा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या बोसमाशीमांना, म्हणजे बोसमावशींना, पडायचा आणि त्या तो जिन्यात मोठ्याने विचारायच्या.

दिगंबररावांची बायको कालिंदीबाई. या जन्माने कलकत्त्याच्या. त्यांचे आजोबा कधीकाळी इथे आले आणि इथलेच झाले. कालिंदीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. लग्नानंतर नवऱ्याच्या बदलीपायी त्यांनी आधी कांडल्याची शाळा सोडली होती, मग विशाखापट्टणची. नशिबाने तिसरी बदली त्यांच्याच गावात झाली. मुलगा जयंत खरगपूरला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकत होता. शनिवारी संध्याकाळी घर मोकळं असायचं.

शेजारच्या बिल्डिंगमधून मनोहर बिवलकर आणि सरलाबाई येत. बिवलकर बँकेत अधिकारी. कोणी दारावर पाणी मागितलं तरी दोन जामीनदार आणायला सांगतील असा माणूस. खेळात मात्र ते महाशूर योद्धा झाले. सरलाबाईंना कोणी कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. त्या मांत्रिक झाल्या आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "मला आधी सगळ्यांची मुंडकी उडवायची आहेत. मग बाकीचं बघू."

कालिंदीबाई म्हणाल्या, "मी नावाडीण होते."

"नावाडीण?" दिगंबरराव हसले. "भुयारात?"

"भुयारात नदी असेल ना एखादी."

"हो म्हणा बुवा," दिगंबरराव बिवलकरांकडे बघत म्हणाले. "गणिताच्या बाई आहेत. पुढे भागाकार घालतील."

अडचण एकच होती. वीस बाजूंचा फासा कलकत्त्यात मिळेना. न्यू मार्केटमधल्या दुकानदाराने दिगंबररावांना लुडोचे चार फासे दाखवले आणि मिळून चोवीस बाजू होतात, असं समजावलं. शेवटी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. त्या वर्षी संध्याकाळी वीज असेल तर पाहुण्यांना कौतुकाने सांगायची पद्धत होती. कंदिलाच्या उजेडात चिठ्ठ्या टेबलावर पसराव्यात, बिवलकरांनी एक उचलावी, आणि नेमके दिवे येऊन डोक्यावरचा पंखा सुरू व्हावा. सगळ्यांचं नशीब उडत उडत न्हाणीघरापर्यंत जायचं.

तेव्हा कालिंदीबाईंनी मला घडवायचं मनावर घेतलं.

त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा हावड्याला बटणांचा लहानसा कारखाना होता. पूल ओलांडून त्या तिथे गेल्या आणि डबाभर रेझिन आणि औषधाच्या बाटलीत ते घट्ट करणारं द्रव्य घेऊन आल्या. पुठ्ठ्याचे वीस त्रिकोण चिकटवून त्यांनी आधी माझा सांगाडा केला, त्याला मेण चोपडलं, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये त्याचा दोन भागांचा साचा काढला. घरभर असा वास सुटला की बोसमाशीमांनी नाकाला पदर लावून विचारलं, "की रान्ना होच्छे?" काय शिजतंय, हे त्यांना सांगूनही पटलं नाही.

माझा सर्वांत थोरला भाऊ कलकत्त्याच्या दमट हवेत घट्टच झाला नाही. गुळाच्या ढेपेसारखा चिकट राहिला आणि त्याला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत, एवढा तो वाया गेला. दुसऱ्यात घट्ट करणारं द्रव्य जास्त पडलं. तो तापला आणि तडकला. तिसरा मी. साच्यातून निघालो तेव्हा अंगावर काठ होते, खरखर होती. कालिंदीबाईंनी काचेवर पॉलिशपेपर पसरून, पाणी लावून, मला एकेका बाजूने घासलं. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने आकडे कोरले आणि खिडकीच्या गजांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट त्यांत भरला. माझ्या पोटात, चार आकड्याच्या बाजूला, एक हवेचा बुडबुडा राहून गेला. ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. स्वतःच्या पोटात काय आहे हे सगळ्यांत शेवटी आपल्यालाच कळतं.

शनिवारी पाहुणे आले. दिगंबररावांनी मला तळहातावर घेऊन दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "बघा, बिवलकर. करून घेतला शेवटी."

करून घेतला! कालिंदीबाईंच्या बोटांच्या टोकांना अजून रेझिन चिकटलेलं होतं. सरलाबाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्या दिवशी मुंडक्यांच्या यादीत एक वाढलं, असा माझा अंदाज आहे.

माणसं मला कशी टाकतात हे पाहण्यात माझे पहिले काही महिने मजेत गेले. बिवलकर मला दोन्ही मुठींत धरून इतका वेळ खुळखुळवत की शेवटी सूत्रधाराने राक्षसाच्या वतीने तक्रार करावी. सरलाबाई मला आधी कपाळाला लावत, "बाळा, नीट पड हं" म्हणत, आणि लहान आकडा आला की ज्या शब्दांत माझा उद्धार करत, ते मी एका सभ्य घरात वाढल्यामुळे सांगू शकत नाही. दिगंबरराव मला टाकत नसत, ठेवत. सही करावी तसे. कालिंदीबाई फोडणीत मोहरी टाकावी तशा टाकत आणि मी थांबायच्या आत दुसरीकडे बघू लागत.

आणि सगळ्यांच्या हातून मी लहानच पडत होतो. मुख्यतः चार.

त्या खेळातली जी संध्याकाळ मी कधी विसरणार नाही, ती अशी.

"तुमच्यासमोर लोखंडी दार आहे," दिगंबरराव सांगत होते. "दारापुढे एक अक्राळविक्राळ राक्षस. हातात गदा."

"मी वार करतो," बिवलकर म्हणाले. मला खुळखुळवलं, टाकलं. चार.

"पडलात. सरलाबाई?"

"आग सोडते! जळून कोळसा होऊ दे मेल्याचा!"

सहा. "आग तुमच्याच पदराला लागली. तुम्हीही गेलात. कालिंदी, तू. आटप लवकर."

"मला त्याच्याशी बोलायचंय," कालिंदीबाई म्हणाल्या.

"कोणाशी?"

"राक्षसाशी."

"राक्षसाशी कोणी बोलत नाही."

"पुस्तिकेत तसं दिलंय?"

दिगंबररावांनी पानं चाळली. तसं कुठेच दिलेलं नव्हतं.

"किती वर्षं उभे आहात हो तुम्ही इथे?" कालिंदीबाईंनी राक्षसाला विचारलं.

दिगंबररावांना आवाज जाड करावा लागला. "शंभर वर्षं!"

"बसायला स्टूल नाही दिलं?"

"नाही."

"सुट्टी?"

राक्षस थोडा घुटमळला. "नाही."

"आणि तुमचे साहेब?"

"आत. खजिन्यावर झोपलेत."

"तुमच्यासारखे अजून किती जण आहेत?"

"बारा," दिगंबरराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"मग बारा जण मिळून साहेबांना घेराव घाला की. पलीकडे जायचं असेल तर माझी होडी आहे."

आदल्या वर्षी दिगंबररावांना त्यांच्याच कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत घेराव पडला होता. तेव्हापासून हा शब्द घरात काढायला बंदी होती. आता ज्या राक्षसांचे आवाज ते स्वतःच काढत होते, तेच त्यांच्यावर उलटले. मेलेल्या सरलाबाईंनी टेबलावर मूठ आपटून "चोलबे ना! चोलबे ना!" अशी मोर्च्यातली घोषणा सुरू केली. बिवलकर घाबरून खिडकी लावायला उठले. खाली कोणी ऐकलं तर खरोखरच मोर्चा आत यायचा.

कालिंदीबाई खजिना घेऊन बाहेर पडल्या. मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. तलवार चालवणाऱ्याला फासा टाकावा लागतो, विचारपूस करणाऱ्याला लागत नाही, हे त्या पुरुषांच्या डोक्यात तेव्हाही शिरलं नाही.

दिगंबररावांनी आठवडाभर विचार केला आणि पुढच्या शनिवारी निकाल दिला. "फासा खोटा आहे. बिवलकर दरवेळी मरतात, सरलाबाई मरतात, आणि कालिंदीचं काही वाकडं होत नाही. फासा केलाय कोणी? कालिंदीने."

पहा, मला घडवल्याचं श्रेय कालिंदीबाईंना मिळालं ते असं.

"तपासू या," कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी काचेच्या वाडग्यात पाणी आणलं, त्यात मला सोडलं आणि चमच्या-चमच्याने मीठ घालून ढवळू लागल्या. "पाणी पुरेसं खारट झालं की तरंगेल. पोटात कुठे पोकळ असेल तर ती बाजू वर येईल."

मी हळूहळू तळापासून सुटलो. चारचौघांत असं उघडं पडणं कोणालाच आवडत नाही, पण पाण्याला लाज नसते. मी वर आलो, गिरकी घेतली, आणि चार दाखवला. त्यांनी बोटाने बुडवलं. पुन्हा चार. पुन्हा बुडवलं. चार.

"बुडबुडा राहिलाय," कालिंदीबाई म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांनाच चार जास्त पडतात. मलाही. मी फक्त टाकते कमी. दुसरा करते."

बिवलकर ओशाळून म्हणाले, "वहिनी, सॉरी हं." दिगंबररावांनी माफी मागितली नाही. ते वाडग्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कशाला दुसरा? राहू दे हाच."

आणि राहू दिला. फक्त राक्षसांचे आकडे काढायला त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा बाहेर काढला. खेळाडूंना बुडबुड्याचा फासा, राक्षसांना बिनखोट चिठ्ठ्या. मी बऱ्याच साहेबांबद्दल ऐकलंय, पण बुडबुड्याचाही कारभारात उपयोग करून घेणारा साहेब हा एकच.

त्या वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर शहरात पूर आला, गुडघ्याच्या वर पाणी चढलं, आणि ते ओसरल्यावर दिगंबररावांच्या बदलीचा हुकूम आला. मुंबई, मुख्य कचेरी, बढतीवर. नव्या वर्षात हजर व्हायचं.

"डिसेंबरात सामान पाठवू," दिगंबरराव जेवताना म्हणाले. मी तेव्हा टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीशेजारी पडलेलो होतो. "तू शाळेत राजीनाम्याचं सांगून टाक."

कालिंदीबाईंनी भात कालवला. "मी नाही येणार."

"म्हणजे? कधी नाही येणार?"

"पुढच्या वर्षी गणित विभाग माझ्याकडे येतोय. दोन शाळा सोडल्या मी. ही नाही सोडणार."

"मुंबईत काय शाळा नाहीत?"

"कांडल्यालाही होत्या."

दिगंबररावांनी सगळं करून पाहिलं. रागावून पाहिलं. चार दिवस अबोला धरून पाहिलं. पण अबोल्यात घर इतकं सुरळीत चालतं हे ध्यानात आल्यावर तो सोडला. "लोक काय म्हणतील?" हे विचारून पाहिलं, तेव्हा कालिंदीबाई म्हणाल्या, "कुठले? इथले की तिथले?"

मग एका सोमवारी सकाळी ते मला हातात घेऊन आले. कालिंदीबाई शाळेत जायच्या तयारीत होत्या.

"हे बघ," दिगंबरराव मोठ्या उदार सुरात म्हणाले, "माझं नको, तुझं नको. फासा सांगेल ते. अकरा किंवा वर पडला तर तू राहा. दहा किंवा खाली पडला तर तू चल. याहून निःपक्षपाती काय असेल?"

माझ्या अंगाला काटा आला असता, पण मी गुळगुळीत आहे. माझ्या पोटातला बुडबुडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कालिंदीबाईंनीही पाहिला होता. दोघांनाही ठाऊक होतं की दोघांनाही ठाऊक आहे, आणि तरी हा माणूस 'निःपक्षपाती' म्हणत होता. पापणी न हलवता.

कालिंदीबाई केसांना पिन लावत म्हणाल्या, "टाका."

दिगंबररावांनी टाकलं. पंधरा.

आता माझं यात काही कर्तृत्व नाही. बुडबुडा म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो जरासा रेटतो, एवढंच. पण दिगंबररावांचा चेहरा पडला. "हात ओला होता," ते म्हणाले आणि हात पुसला.

बारा.

"टेबल उतरतं आहे." ते खाली जमिनीवर बसले. उपव्यवस्थापक, लेंगा-बनियनवर, मांडी घालून.

वीस. त्या घरात माझं ते तोंड त्याआधी कोणी बघितलंच नव्हतं.

"हा धरायचा नाही, हा खुर्चीच्या पायाला लागला."

कालिंदीबाईंनी जेवणाचा डबा पिशवीत टाकला, छत्री घेतली, पायांत चपला सरकवल्या. "अहो, तुम्ही टाकत राहा," त्या म्हणाल्या. "मी येते. पहिला तास नववीचा आहे."

दार लागलं. दिगंबररावांनी पुन्हा टाकलं, आणि मी चार पडलो.

"चार!" ते ओरडले. "कालिंदी, चार! चार पडला!"

बोसमाशीमांनी वरून ऐकलं असेल, खाली रस्ता खणणाऱ्या मजुरांनी ऐकलं असेल. जिला ऐकवायचं होतं ती ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचली होती. दिगंबरराव बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. मी आयुष्यात एवढा बरोबर आकडा कधी दाखवला नव्हता आणि तो एवढा निरुपयोगी कधी ठरला नव्हता.

मी त्यांच्यावर खूप हसलोय, पण जायच्या दिवसाचं सांगायला हवं. ट्रंक कालिंदीबाईंनीच भरली. दिगंबरराव बाजूला उभे राहून "हे वर ठेव, ते खाली ठेव" करत होते. मग एकदम म्हणाले, "मला तिथे एकट्याला..." आणि थांबले. पुढचे शब्द त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. कचेरीत ते लागत नसत.

कालिंदीबाईंनी स्वेटर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "सुट्टीत मी येईन," त्या म्हणाल्या. "पूजेला तुम्ही या."

हावड्याला पोचवून त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी मला टेबलावरून उचललं आणि टाचण्या, सुट्टी बटणं, कुलपाविना उरलेल्या किल्ल्या असल्या गोष्टींच्या वाटीत टाकून दिलं. मी तिथे कित्येक महिने होतो. सूत्रधार गेला म्हणजे खेळ संपला असंच सगळे धरून चालले होते. वाटीतल्या बटणांशी माझं गोत्र एक, पण बोलणं जमेना. बटणाला जगात एकच प्रश्न असतो, लागलंय की तुटलंय.

उन्हाळ्यात एका शनिवारी सरलाबाई साडीला लावायची पिन शोधायला वाटीत हात घालून बसल्या आणि मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी मला कपाळाला लावलं.

"कालिंदीताई, मला कोणाची तरी मुंडकी उडवायची आहेत हो. फार दिवस झाले."

"सूत्रधार कुठाय?"

"तुम्ही व्हा की. एवढं काय असतं त्यात? बोलायचं तर असतं."

"बरं. पण मग मी नवा फासा करते. हा खोटा आहे."

"काही नको," सरलाबाई म्हणाल्या. "याचा स्वभाव माहीत झालाय. नव्याचा शिकत कोण बसणार?"

असं माझं कौतुक झालं. माणसं नवरा-बायकोविषयी म्हणतात तेच माझ्याविषयी म्हटलं गेलं, आणि मी ते कौतुकच समजतो.

कालिंदीबाईंच्या भुयारात गोष्टी निराळ्या असत. राक्षसांना नावं होती. कोणाला संधिवात होता, कोणाला मुलीच्या लग्नाची काळजी. बिवलकर आता वार करण्याआधी दोनदा विचारत, "याच्या घरी कोण कोण आहे?" त्यामुळे त्यांच्या तलवारीला गंज चढला, पण ते जास्त दिवस जगू लागले. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, शकुन म्हणून, त्याही येऊ लागल्या. चिठ्ठ्यांचा डबा कालिंदीबाईंनी पहिल्याच दिवशी रद्दीवाल्याला दिला. राक्षसालाही मीच, माणसालाही मीच. आता मी चार पडलो तर सगळ्यांनाच पडतो.

आज पूजेची सप्तमी आहे. कोपऱ्यावरच्या मांडवात ढाक वाजतोय. दिगंबरराव परवा मुंबईहून आले. थोडे वाळलेत, खानावळीचं जेवण मानवलेलं दिसत नाही. संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा ते दाराशी घुटमळले आणि म्हणाले, "मलाही घ्या. मी राजा होतो."

"राजाची जागा नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "हमालाची आहे. सामान उचलायचं."

मला वाटलं आता भडका उडणार. दिगंबररावांनी सगळ्यांकडे पाहिलं. बिवलकर एकाएकी पंख्याची पाती निरखू लागले. "बरं," दिगंबरराव म्हणाले आणि बसले.

हमाल झाले, पण सवय जाते थोडीच. पहिल्याच दालनात एक दार बंद होतं. बाकीचे आतल्याला हाक मारायच्या विचारात असताना हमालाने पुढे होऊन दाराला लाथ घातली. फासा टाकावा लागला. या वेळी त्यांनी मला सही केल्यासारखं ठेवलं नाही, खरंच टाकलं. तीन.

"छत कोसळलं," कालिंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही मेलात."

दिगंबररावांनी मग आपल्या बायकोला असा एक प्रश्न विचारला, जो मी त्या घरात त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"मग आता मी काय करू?"

"चहा ठेवा," कालिंदीबाई म्हणाल्या.

ते उठून आत गेलेत. पातेली आपटल्याचा आवाज येतोय. खेळ तेवढ्यापुरता थांबलाय आणि मी टेबलावर नुसता पडून आहे, म्हणून तुमच्याशी एवढं बोलता आलं.

माझे कोपरे आता झिजलेत, सतरा आणि सात नीट वाचता येत नाहीत, नऊ तर पूर्ण पुसलाय. फार दिवस उरले नसतील माझे. जाताना एकच मागणं आहे. ज्याचं उत्तर तुम्ही मनात आधीच ठरवून टाकलंय, त्यासाठी मला उचलू नका. सरळ सांगा, की मला असं हवंय. समोरचा नाही म्हणेल, फार तर. त्याने कोणी मरत नाही. आणि चार पडेपर्यंत टाकतच राहायचं असेल, तर निदान त्याला दैव म्हणू नका. ते दैव नव्हे, तुमचं मनगट आहे.

आतून हाक येतेय, "कालिंदी, साखर कुठाय गं?"

कालिंदीबाई हसू दाबताहेत. सरलाबाईंनी बोट दाखवायला हात उचलला होता, तो कालिंदीबाईंनी धरून खाली ठेवलाय.

"शोधा," त्या म्हणाल्या.

डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येताहेत. एक. आणखी एक. सापडेल, त्या फळीवर मिळून सातच डबे आहेत. येतो मी.